दाबके अण्णांचा गहू

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही आणि पत्रापलीकडे कुणी काही लिहिलेलंही नाही. वडील चिकोडीजवळच्या आमच्या गावात सायकली दुरुस्त करतात, आई शिवणकाम करते. मी बंगळूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडून फार तर प्रॅक्टिकलची जर्नल वेळेवर लिहून होते. माणसाबद्दल कसं लिहितात हे मला ठाऊक नाही. त्यातून ज्यांच्याबद्दल लिहायचं, त्यांनी एका सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यात जन्मभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंतले दोष काढले. हा मजकूर त्यांच्या हाती गेला तर पास होणार नाही, हे धरूनच लिहितो आहे.

के. आर. पुरममध्ये दाबके अण्णांच्या दारात मी खोली मागायला उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही.

"खिसे उलटे कर," म्हणाले.

मी केले. एका खिशातून तिकीट निघालं, दुसऱ्यातून भुगा.

"बिस्किट?"

"हो. सकाळी गाडीत खाल्लं होतं."

"बाहेर जाऊन झटक. हात कोपरापर्यंत धू. मग बोलू."

मी रस्त्यावर जाऊन खिसे झटकले. शेजारच्या घराच्या पायरीवर एक बाई फुलं निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे हे इथं नेहमीचंच आहे, घाबरू नकोस. मी घाबरलो. पण कॉलेज जवळ होतं, आणि खोलीच्या खिडकीत झाड होतं.

अण्णांना लहान आतड्याचा एक आजार आहे. नाव सीलिॲक. बोलायला सोपा आजार आहे, पाळायला नाही. गहू पोटात गेला की त्यांचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. औषध नाही. गहू बंद करणं हेच औषध, आणि तो बंद म्हणजे कणभरही नाही. हे मला अण्णांनी पहिल्याच आठवड्यात दोन पंचे घेऊन समजावलं. एक जाड, लुसलुशीत, अंग पुसायचा टर्किश. दुसरा धुऊन धुऊन गुळगुळीत झालेला.

"आतडं आतून असं असतं," टर्किशवर हात फिरवत ते म्हणाले. "हे जे केस आहेत ना, ते अन्न शोषून घेतात. गव्हानं ते झडतात. मग आतडं होतं असं." त्यांनी दुसरा पंचा माझ्या हातात दिला. "आता याच्यावर पाणी ओत. काय होतं? वाहून जातं. माणूस चार वेळा जेवतो आणि उपाशी राहतो. एकेचाळीस किलो झालो होतो मी, चौगुले. सगळे म्हणत होते, बायको गेल्याच्या दुःखानं झाला. दुःख होतंच. पण गहूही होता."

वयाची साठी उलटल्यावर कुणीतरी रक्त तपासलं आणि आजाराला नाव मिळालं. तेव्हापासून अण्णांनी घराचं तपासणी खातं केलं. त्यांची दोन वाक्यं मी आता झोपेतही म्हणू शकतो. पहिलं, "सोर्स काय?" दुसरं, "डाउट म्हणजे रिजेक्ट."

ही वाक्यं ते कुठंही वापरतात. टूथपेस्टवर, गोळ्यांच्या वेष्टनावर, पाकिटाच्या डिंकावर. एकदा देवळात तीर्थ घेताना त्यांनी भटजींना विचारलं, सोर्स काय. भटजी म्हणाले, कावेरी. सत्यनारायणाचा शिरा मात्र ते नाकारत नाहीत. दोन्ही हातांनी घेतात, कपाळाला लावतात आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या हातावर ठेवतात. "प्रसाद रिजेक्ट करायचा नसतो," म्हणतात, "ट्रान्सफर करायचा असतो." मग घरी येऊन हात धुतात. दोघांचेही.

ज्वारी आणायला ते मेट्रोनं थेट जयनगरला जातात. तिथल्या एका दुकानदारानं ज्वारी आणि गहू यांच्या चाळण्या वेगळ्या ठेवल्या आहेत. ठेवल्या म्हणजे अण्णांनी ठेवायला लावल्या. ती ज्वारी घेऊन आम्ही सकाळी गिरणी उघडायच्या आधी गिरणीच्या दारात. सोबत दोन किलो तांदूळ. तो आधी दळायचा, कारण कालच्या गव्हाचा जो काही अंश जात्यात असेल तो तांदळाबरोबर निघून जातो. ते तांदळाचं पीठ गिरणीवाल्याच्या बायकोला रांगोळीला.

पहिल्यांदा गिरणीवाला हसला होता म्हणे. "सार, स्वल्प गोधी इरुत्ते. अडजस्ट माडी." म्हणजे थोडा गहू असणारच, घ्या सांभाळून.

"स्वल्प म्हणजे किती?" अण्णांनी विचारलं.

गिरणीवाल्यानं चिमूट दाखवली.

"या गावात सगळे अडजस्ट करतात," अण्णा म्हणाले. "माझं आतडं करत नाही."

आता गिरणीवाला हसत नाही. अण्णा दिसले की स्वतःच जातं पुसायला घेतो.

वाचकांना वाटेल, मी गंमत करतो आहे. मलाही पहिलं वर्षभर गंमतच वाटायची. सुट्टीत घरी गेलो की आईला नकला करून दाखवायचो. मग गेल्या डिसेंबरात अण्णा मला म्हणाले, "उद्या कॉलेज आहे का? नसेल तर माझ्याबरोबर चल. तिथं सोबत कोण आहे विचारतात." त्यांचा मुलगा कॅनडात असतो. रविवारी व्हिडिओवर दिसतो.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "मुलगा का?"

"वरच्या मजल्यावरचे," अण्णा म्हणाले.

डॉक्टरीणबाई शांत होत्या, तेच मला आवडलं नाही. त्यांनी तीन वर्षांचे कागद टेबलावर मांडले. पहिल्या वर्षी रक्तातला तो आकडा चांगला खाली आला होता. मग अडकला. या वेळी किंचित वर गेला होता. वजनही दोन किलो उतरलं होतं.

"कुठून तरी गहू जातोय," त्या म्हणाल्या.

"शक्य नाही," अण्णा म्हणाले.

"तो जात असेल तर मी आनंदानं ऐकेन, मिस्टर दाबके. कारण जात नसेल आणि तरी आतडं भरून येत नसेल, तर तो वेगळा आजार. तो मला नको आहे. सहा महिने देते. शोधा. आकडा उतरला नाही तर पुन्हा कॅमेरा घालून आतड्याचा तुकडा काढावा लागेल, आणि पुढच्या गोष्टी बोलाव्या लागतील."

परतताना आम्ही मेट्रोत बसलो. शेजारच्या माणसाच्या मांडीवर मैद्याच्या पफचा कागद होता, त्याचे चुरे अण्णांच्या पॅन्टवर उडत होते. ते त्यांनी झटकलेसुद्धा नाहीत. शेवटी ते मीच झटकले.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. मी वहीला चार रकाने आखले: वेळ, पदार्थ, किती, सोर्स. अण्णा सांगायचे, मी लिहायचो. सकाळी वजन. वजनकाटा बरोबर आहे ना हे बघायला आधी त्यावर ज्वारीची पाच किलोची पिशवी. मग अण्णा. मी साक्षीदार. काटा शंभर ग्रॅम खाली दिसला की अण्णा उतरून पुन्हा चढायचे, जणू काट्याला आणखी एक संधी देत आहेत.

आम्ही गिरणी तपासली, पोळपाट बदलला, लाकडी चमचे फेकले, कपाटं रिकामी केली. मी स्वतः बिस्किटं सोडली. अण्णांनी सांगितलं नव्हतं, पण प्रत्येक जिना चढताना वाटायचं, माझ्याच चपलेला लागून तो कण घरात येत असेल. कॉलेजच्या कँटीनमध्ये मी परोटा बघून लांबच्या टेबलावर बसायला लागलो. मित्रांना वाटलं, मी उपास धरलाय.

महिना गेला. वहीत काही सापडेना. एकच ओळ आठवड्यातून चार-पाच वेळा यायची: दुपारी, सारू, एक वाटी. ती मात्र सोर्सच्या रकान्यात अण्णा माझ्या हातातून पेन घेऊन स्वतः भरायचे. तिथं लिहायचे, "घरचं."

ते सारू, म्हणजे आपलं सार, शेजारच्या सरोजाक्कांकडून यायचं. सरोजाक्का म्हणजे त्याच, पायरीवर फुलं निवडणाऱ्या. धारवाडकडच्या, शाळेत कन्नड शिकवून निवृत्त झालेल्या, घरी एकट्या. मराठी बोलतात, पण त्यात कन्नड मुक्कामाला असतं. दुपारी एकच्या सुमारास कंपाउंडच्या भिंतीवरून स्टीलचा डबा पुढं यायचा आणि हाक यायची, "तम्मा, बिसी बिसी आहे. तुझ्या इन्स्पेक्टरला दे." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, बिसी म्हणजे गरम. मी तो डबा आत न्यायचो. अण्णा तो उघडायचे, वाफ तोंडावर घ्यायचे आणि भातावर ओतायचे. काही न विचारता. मला हे दिसत होतं आणि दिसत नव्हतं. रोज जे डोळ्यांसमोर असतं, त्यात काही शोधायचं असतं असं मला वाटलं नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी मी रिकामा डबा परत करायला गेलो. अक्का फोडणी करत होत्या.

"तम्मा, तो हिंग दे रे वरचा."

मी डबी काढली. आणि अण्णांच्या घरात राहून जडलेल्या सवयीनं मागं फिरवली. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत घटक लिहिले होते. पहिलाच घटक, गव्हाचं पीठ. मग डिंक. मग कुठं हिंग.

अक्कांनी डबी घेतली आणि दोनदा झटकली. त्यांचा हात सढळ आहे.

मी भिंत ओलांडून आलो तेव्हा अण्णा पेपर वाचत होते. कसं सांगावं समजेना. सोपं वाटेल तसं सुरू केलं.

"अण्णा, आपल्या घरात हिंग का नाही?"

"तीन वर्षांपूर्वी काढला. बहुतेक डब्यांत गव्हाचं पीठ असतं." पेपर खाली आला नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"अक्का सारूत घालतात. मी आत्ता डबी बघितली."

पेपर तसाच राहिला. पंखा फिरत होता आणि पेपरचं टोक हलत होतं. त्यामागून आवाज आला.

"त्यांना सांगायचं नाही."

"पण अण्णा, डॉक्टर..."

"चौगुले." त्यांनी पेपर घडी घालून ठेवला. "मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी बघितलं नाही, एवढंच. चाळीस वर्षं एकही नग न बघता पुढं जाऊ दिला नाही. हा एक दिला." मग चष्मा पुसत म्हणाले, "एखाद्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो की मी विचारतो, सोर्स काय. लोक कौतुकानं सांगतात. दुसऱ्यांदा विचारतो, ते नीट सांगतात. तिसऱ्यांदा बोलावणं येत नाही. त्यांचं चुकत नाही. मंडळाचा गणपती गेला, कारखान्यातले मित्र गेले, मेव्हण्याचं घर गेलं. एक डबा राहिला होता. त्याला विचारायचं धाडस झालं नाही."

मी एकवीस वर्षांचा आहे. मला डबा आणून द्यायचं काम होतं, ते मी वर्षभर चोख केलं होतं.

दुसऱ्या दिवशी डबा आला तेव्हा मी अंगणात मुद्दाम ठेच खाल्ली. सारू तुळशीला मिळालं. तिसऱ्या दिवशी मी ते जिन्यावर उभा राहून स्वतः प्यालो. चांगलं होतं. चौथ्या दिवशी अक्कांनी भिंतीवरून डबा सोडलाच नाही, नुसता धरून ठेवला.

"काय रे, इन्स्पेक्टरला आवडेना की काय? काल तुझ्या शर्टावर डाग होता सारूचा. त्यांनी ओतलं का तुझ्या अंगावर?"

मी बोलून टाकलं. आधी हिंग, मग गहू, मग आकडा, मग कॅमेरा. मराठीत सुरू केलं आणि कन्नडमध्ये संपवलं, कारण अर्ध्यावर माझी मराठी संपली.

अक्का डबा धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तीन वर्षं मी त्यांना विष घालत होते."

"तसं नाही, अक्का."

"मग कसं? दुनियेला विचारतात. रिक्षावाल्याला विचारतात, काय खाल्लंस, हात कुठं पुसलास. मला विचारायला तोंड नव्हतं? मी काय त्यांना खाल्लं असतं?"

त्या डबा घेऊन आत गेल्या. दार लागलं.

आठ दिवस डबा आला नाही. अण्णांनी मला काही विचारलं नाही, म्हणजे त्यांना समजलं होतं. दुपारी एक वाजता ते भाताचं ताट घेऊन खिडकीपाशी बसायचे, त्यावर ताक घालायचे आणि भिंतीकडे न बघता जेवायचे. मी वहीत लिहायचो: ताक, एक वाटी. सोर्स विचारायची हिंमत होत नव्हती. वजन आणखी शंभर ग्रॅम उतरलं. मला रात्रंदिवस एकच वाटत होतं, की आतड्यातला गहू मी काढला असेल, पण माणूस त्यापायी आटत चाललाय. हे मी चांगलं केलं की वाईट, हे कुणाला विचारावं तेही समजत नव्हतं. आईला फोन केला. ती म्हणाली, "तू तुझा अभ्यास कर."

नवव्या दिवशी अक्का समोरच्या दारानं आल्या. हातात डबा नव्हता. मिरी, जिरं आणि चिंच यांच्या न फोडलेल्या तीन पुड्या होत्या. अण्णा उठून उभे राहिले.

"बसा," अक्का म्हणाल्या. "तुमच्या कढईत याआधी काय केलं होतं?"

"भाजी. दोडक्याची."

"तेल कुठलं?"

अण्णांनी सांगितलं.

"बाटली दाखवा. आणि तो चमचा कशाला वापरता? नको, तो राहू दे. दुसरा द्या."

अण्णांची तपासणी चाललेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. ते विचारलेल्या प्रश्नांना सरळ, शाळेतल्यासारखी उत्तरं देत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"माझ्या घरात चपाती होते, रवा होतो, सगळं होतं," अक्का म्हणाल्या. "तिथं केलेलं आता तुम्हाला देणार नाही. तुमचा रिपोर्ट येईपर्यंत इथं येऊन करते. तुमची भांडी, तुमची चूल. रिपोर्ट चांगला आला की मी सुटले. सरी? ठीक आहे?"

"सरी," अण्णा म्हणाले.

हिंगाशिवायचं पहिलं सारू तिखटच झालं. अण्णांनी दोनदा घेतलं. अक्का ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काही कमी वाटतं का?" अण्णा म्हणाले, "नाही." तपासणी खात्यातल्या माणसानं इतकं उघड खोटं बोलावं, याचं मला नवल वाटलं. हिंग नाही हे मलाही कळत होतं.

पुढचे महिने अक्का रोज अकराला येऊ लागल्या. दोघं भांडायचे. मोहरी किती तडतडू द्यायची यावर, कन्नडमध्ये अण्णा अजून क्रियापद चुकतात यावर, आणि बाकी कशावरही. वही मी चालूच ठेवली होती. एप्रिलमध्ये वजन सव्वा किलोनं वाढलं. अण्णांनी काट्यावर ज्वारीची पिशवी तीनदा ठेवून बघितली.

पण आकडा वजनासारखा घरी बघता येत नाही. जूनमध्ये परीक्षा संपली, मला गावी जायचं होतं, आणि रक्त त्याच आठवड्यात द्यायचं होतं. मी म्हटलं, थांबतो. अण्णा म्हणाले, "गाडीचं तिकीट आहे ना? जा. सोमवारी रिपोर्ट येईल, मी फोन करतो." अण्णा फोन करतो म्हणाले की करतात. मिनिटावर करतात.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी मी केला, वाजत राहिला. बुधवारी मी वडिलांच्या दुकानात ट्यूबचं पंक्चर काढत होतो आणि पाण्यात बुडबुडे कुठून येतात ते बघताना माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच काही येत होतं. डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य, पुढच्या गोष्टी बोलाव्या लागतील. वडील म्हणाले, "एवढा वेळ काय बघतोस? भोक सापडलं की लगेच बोट ठेवायचं." मी पुन्हा फोन लावला. अण्णांनी उचलला नाही. अक्कांचा नंबर मी कधी घेतलाच नव्हता. भिंतीपलीकडच्या माणसाचा नंबर कशाला लागेल, असं वाटलं होतं.

गुरुवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"चौगुले, आकडा उतरला," अण्णा म्हणाले. "चांगला उतरला. डॉक्टर कॅमेरा नको म्हणाल्या. पंचा टर्किश व्हायला लागलाय, असं मी म्हटलं तर त्यांना समजलं नाही."

मग मी विचारलं, "रिपोर्ट कधी आला?"

"सोमवारी."

"अण्णा, आज गुरुवार आहे."

"हो."

"मी किती फोन केले."

"बघितले. उचलला असता तर तुला सांगावं लागलं असतं. आणि त्या ओट्यापाशीच असायच्या. त्या म्हणाल्या होत्या ना, रिपोर्ट चांगला आला की सुटले. म्हटलं, दोन दिवस राहू दे कागद पाकिटात. मग तिसराही गेला. आज सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"वाचला. चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाल्या, हे तर बरंच झालं, आणि डब्यात हुलगे आहेत का विचारलं. म्हटलं, आहेत. तर म्हणाल्या, रात्री भिजत घाला, उद्या हुलग्याचं सारू करू."